छापील चित्रं रंगवून सुक्का कळत नाही: सिनेगॉगच्या विश्वस्तांना आणि धार्मिक वर्गांच्या शिक्षकांना खुले पत्र

मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबाग आणि रेवदंडा इथल्या आपल्या बेने इस्राएल ज्यू समाजाच्या सिनेगॉगचे (प्रार्थनागृहांचे) विश्वस्त, प्रार्थना चालवणारे हज्जान आणि मुलांचे धार्मिक वर्ग चालवणारे शिक्षक यांस,

सप्रेम शालोम.

हिब्रू सन ५७८७ हे ११ सप्टेंबर २०२६च्या संध्याकाळी सुरू होतं. त्या वर्षाच्या मुलांच्या वर्गांची आखणी करण्याआधी आमचं म्हणणं आपल्यासमोर मांडावं, म्हणून हे पत्र.

सण जवळ आला की वर्गात छापील कागद वाटले जातात. हनुक्काला, म्हणजे दिव्यांच्या सणाला, दिव्यांचं चित्र, पेसाहला मत्साचं, म्हणजे बेखमीर भाकरीचं, सुक्कोथला, म्हणजे मांडवाच्या सणाला, पुठ्ठ्याचं तयार घर. मुलं रंग भरतात, चिकटवतात, घरी नेतात. हात चालतो, वेळ जातो, पालकांना फोटो मिळतो. पण त्या कामात धर्माचा एकही नियम मुलाच्या वाटेत येत नाही. सुक्काचं छप्पर हिरवं रंगवलं काय नि निळं रंगवलं काय, काहीच बिघडत नाही. जिथे चुकायलाच जागा नाही तिथे शिकायला तरी काय असणार?

आपल्या सणांना मापं आहेत, वेळा आहेत, क्रम आहे. मुलांचं काम असं आखावं की तो नियम पाळला नाही तर वस्तूच फसावी आणि का फसली ते मुलाला तिच्यातच दिसावं. यासाठी परदेशातून मागवलेल्या पेट्या लागत नाहीत. झावळ्या, शाडू, बांबू, कणीक, तिळाचं तेल एवढ्यात बहुतेक सगळं होतं. कसं, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी वाराचा प्रश्न. कातरणं, चिकटवणं, लिहिणं, रंगवणं ही कामं शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चालत नाहीत. त्यामुळे शनिवारी मुलं प्रार्थनेला आलेलीच असतात, तेव्हाच उरकून घेऊ, हा विचार सोडावा लागेल. वर्ग रविवारी घ्यावा आणि सलग अडीच तासांचा घ्यावा. चाळीस मिनिटांच्या तासात साहित्य वाटण्यात पंधरा आणि आवरण्यात दहा मिनिटं जातात, मग उरलेल्या वेळात रंग भरण्यापलीकडे काही होत नाही.

सुक्कापासून, म्हणजे सुक्कोथच्या पानांच्या छपराच्या मांडवापासून, सुरुवात करतो, कारण तिथे मोजण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. बुटांचा रिकामा खोका घ्या, साधारण ३० सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ११ उंच. झाकण काढून टाका. एकास दहा हे प्रमाण धरलं की तीन मीटर लांबीच्या खऱ्या सुक्काची ही प्रतिकृती होते. सुक्काची उंची किमान दहा तेफाह (तेफाह म्हणजे तळहाताची रुंदी), म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर हवी, म्हणून खोक्याची भिंत किमान आठ सेंटिमीटर. हे मुलांनाच मोजू द्या. तळाला एक सेंटिमीटरच्या चौकोनांचा आलेख कागद चिकटवा. ३० गुणिले १८ म्हणजे ५४० चौकोन झाले. आता वर छप्पर घालायचं. आडवे वासे म्हणून नारळाचे हीर, त्यावर झावळीची सुटी पाती, बांधायला काथ्या. प्लास्टिकची पानं, क्रेप कागद, थर्मोकोल यांना मनाई, कारण छप्पर जमिनीतून उगवलेलं आणि तोडून आणलेलं असलं पाहिजे. काही मुलं मनी प्लँटचा जिवंत वेल कुंडीसकट आणून छपरावर सोडतात. दिसतो छान, पण मुळाशी जोडलेली वेल छप्पर म्हणून चालत नाही. ती तोडल्याशिवाय सुक्का झाला नाही हे त्याच वेळी सांगावं.

छप्पर झालं की खोका उन्हात न्या. नियम असा की आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. तळावर जिथे ऊन पडतं ते चौकोन लाल पेन्सिलीने रंगवायचे आणि मोजायचे. लाल चौकोन २७०च्या आत असले तर सुक्का कसोटीला उतरला, जास्त झाले तर आणखी पाती घालायची. एखादा चौकोन अर्धा उन्हात, अर्धा सावलीत असेल तर ज्या बाजूला जास्त त्या बाजूला धरायचा. शाळेत क्षेत्रफळ शिकलेल्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो, आणि सावली जास्त हवी हे वाक्य पाठ करण्यापेक्षा पक्कं बसतं.

इथे तीन चुका हमखास होतात. सकाळी दहा वाजता मोजलं तर भिंतीची सावली तळावर पडते आणि छप्पर विरळ असूनही सुक्का उतरल्यासारखा वाटतो. म्हणून ऑगस्टअखेर मुंबईत पावणेएकच्या सुमारास मोजावं. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तरी भिंतीची बारीक सावली आलीच तर ती नाहीशी होईपर्यंत खोका सूर्याकडे किंचित कलता धरावा. दुसरी चूक गॅलरीची. वर स्लॅब असेल, किंवा आंब्याची फांदी असेल, तर छप्पर कितीही नीट घातलं तरी तो सुक्का होत नाही. खोका आधी गॅलरीत ठेवायला लावून मग मोकळ्यावर हलवायला लावलं की हा फरक मुलं कधी विसरत नाहीत. तिसरी म्हणजे झावळी सुकते. ओली पाती तीनचार दिवसांत आकसतात, गुंडाळतात आणि सावली कमी होते. तोच खोका पुढच्या रविवारी पुन्हा मोजला तर काल उतरलेला सुक्का आज नापास झालेला दिसतो. हे मुद्दाम करावं.

पाऊस असेल तर टॉर्च वापरता येतो, पण तो किमान दोन मीटर उंचीवरून धरावा. जवळून धरला की किरण फाकतात, पात्यांची सावली मोठी पडते आणि मोजणी खोटी निघते.

दुसरं काम कालचक्राचं. आमच्या मते वर्षभरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते महाराष्ट्रातल्या मुलांना जितकं सोपं जाईल तितकं क्वचितच कुठे जाईल, कारण चंद्राचे महिने आणि अधिक महिना त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज असतात.

जाड पुठ्ठ्याच्या दोन तबकड्या कापा, एक १५ सेंटिमीटर त्रिज्येची, दुसरी ११ सेंटिमीटरची. कापण्याआधीच कर्कटकाच्या टोकाने मधलं छिद्र पाडून घ्या. नंतर अंदाजाने पाडलेलं छिद्र बाजूला सरकतं आणि तबकडी फिरताना डोलते. बारा भाग करायला कोनमापकाची गरज नाही. त्रिज्येएवढं अंतर घेऊन कर्कटक परिघावर चालवला की सहा सारखे भाग पडतात, प्रत्येकाचे दोन केले की बारा. मोठ्या तबकडीवर चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने लिहा. लहानीवर निसान, इय्यार, सिवान, तम्मूझ, आव, एलूल, तिश्री, हेश्वान, किस्लेव, तेवेथ, शेवात, अदार. दोन्ही तबकड्यांवर महिने घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच लिहिले पाहिजेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात हे लक्षात ठेवून हुशार मुलं आतली तबकडी उलट्या दिशेने भरतात, आणि मग निसान जुळला तरी, बरोबर समोरचा तिश्री सोडला तर, पुढचा एकही महिना जुळत नाही.

निसान चैत्रासमोर आणला की मुलांना दिसतं: १४ अदारचा पुरिम फाल्गुनी पौर्णिमेला, होळीच्या सुमारास येतो. म्हणूनच आपल्या आज्यापणज्या त्याला होळीचा सण म्हणत आल्या. १५ निसानचा पेसाह चैत्री पौर्णिमेला, १५ तिश्रीचा सुक्कोथ कोजागिरीला. पुठ्ठ्यावर या तीन ठिकाणी पिवळा गोल चिकटवून घ्या.

इथवर सगळं गोड. आता अधिक महिना. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती भरून काढायला दोन्ही पंचांगं एकोणीस वर्षांत सात महिने वाढवतात, पण रीत वेगळी. मराठी पंचांगात ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, मग तो ज्येष्ठ असेल, श्रावण असेल. हिब्रू पंचांगात वाढीव महिना नेहमी अदारचाच, आणि वर्षंही ठरलेली: एकोणीस वर्षांच्या चक्रातलं ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९वं. ५७८७ला १९ने भागा, बाकी ११ उरते, म्हणजे हे तेरा महिन्यांचं वर्ष. भागाकार येणाऱ्या कुठल्याही मुलाला पुढच्या शंभर वर्षांतली वाढीव वर्षं स्वतः काढता येतात.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात मराठी पंचांग थांबून राहिलं आणि हिब्रू पुढे गेलं, म्हणून आतली तबकडी एक घर सरकवायची: निज ज्येष्ठासमोर सिवान न येता तम्मूझ येतो. याचा परिणाम असा की २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुक्कोथ लागेल तेव्हा पौर्णिमा भाद्रपदाची असेल, आणि कोजागिरी महिनाभराने, ऑक्टोबरच्या अखेरीस येईल. मग २०२७च्या सुरुवातीला हिब्रू वर्षात जादा अदार येतो, तबकडी एक घर मागे घ्यायची, आणि पुरिम २३ मार्चला, होळीला लागूनच. सण एक महिना इकडेतिकडे का होतात, हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. ज्या मुलाने तबकडी स्वतः सरकवली त्याला तो पडणार नाही.

हे काम दहा वर्षांवरच्या मुलांचं आहे. लहानांना फक्त रंगीत कागदाची साखळी करू द्या, एका महिन्याला ३० कड्या, दुसऱ्याला २९.

मत्साबद्दल आता. नियम सगळ्यांना पाठ आहे: पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत मत्सा भाजून झाला पाहिजे. पण अठरा मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ लावून केल्याशिवाय कळत नाही. एका गटाला ३०० ग्रॅम कणीक आणि १५० मिलिलिटर पाणी. मीठ नाही, तेल नाही. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर झाकून ठेवलेलं. एप्रिलमध्ये दुपारच्या नळाचं पाणी कोमट असतं आणि कोमट पाण्याने पीठ लवकर आंबतं, म्हणून ही पद्धत. पाणी ओतताक्षणी घड्याळ सुरू करायचं. तीन मिनिटं मळणं, सहा गोळे, प्रत्येक गोळा साधारण वीस सेंटिमीटरचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा लाटायचा, काट्याने एकेका सेंटिमीटरवर टोचायचं, तवा चांगला तापलेला.

टोचायचं कशाला? तर फुगू नये म्हणून. आपल्या घरात पोळी टम्म फुगली की कौतुक होतं. इथे फुगली की आत पोकळी होते, वरचा पापुद्रा करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं. कडा जाड राहिली किंवा लाटताना घडी पडली तरी तेच: घडीच्या आत आच पोहोचत नाही. मुलांना एक मत्सा मुद्दाम न टोचता भाजू द्यावा आणि मग मोडून आत बघू द्यावं.

फसतं ते बहुधा तव्यावर. एक मत्सा दोन्ही बाजूंनी भाजायला दोन-अडीच मिनिटं लागतात. सहा मत्सांना एकच तवा असेल तर शेवटचे दोन अठरा मिनिटांच्या पार जातात. गटाला दोन तवे हवेत. दुसरं, पोळपाट-लाटण्याला चिकटलेलं पहिल्या फेरीचं पीठ दुसऱ्या फेरीत मिसळलं तर त्या पिठाची अठरा मिनिटं केव्हाच उलटलेली असतात. म्हणून प्रत्येक फेरीला पोळपाट-लाटणं बदलायचं, किंवा खरडून धुऊन कोरडं करायचं. ज्यांना हे घरी आजीने दाखवलं आहे त्यांना हे नवीन नाही. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी-हिब्रू हागादात, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीत, मत्सा करणाऱ्या बायका आपल्याकडच्याच वेशात, जमिनीवर बसून काम करताना काढल्या आहेत. ते चित्र वर्गात मोठं करून लावावं.

एक सक्त सूचना: हा सराव आहे. तो पेसाहची साफसफाई सुरू होण्याआधी उरकायचा आणि हे मत्सा सेदेरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिभोजनाला, वापरायचे नाहीत. दुकानातल्या कणकेचा गहू कधी भिजला होता का, याची कुणाला खात्री देता येत नाही.

हनुक्कासाठी शाडूचे दिवे करावेत. ज्या समाजाला कोकणात शनिवार तेली (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणत त्या समाजाच्या मुलांना तेल आणि वात हाताळता येऊ नये, हे आम्हाला खरोखर खटकतं. मेणबत्त्यांचा तयार डबा आणण्यापेक्षा दिवे करणं अवघड नाही. शाडू ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा. गणपतीच्या दिवसांत पेणपासून मुंबईपर्यंत सगळीकडे मिळते, डिसेंबरात शोधत फिरावं लागतं. एका मुलाला सव्वा किलो ओली माती लागते. चार-चार खळग्यांच्या दोन विटा, प्रत्येकी २० सेंटिमीटर लांब, ६ रुंद, २ जाड, आणि शामाशसाठी, म्हणजे बाकीचे दिवे ज्याने पेटवतात त्या दिव्यासाठी, ५ सेंटिमीटर उंचीचा वेगळा ठोकळा. आठही दिवे एका ओळीत आणि एका उंचीवर हवेत, शामाश तेवढा वर किंवा बाजूला. एकच लांब वीट केली तर सुकताना ती धनुष्यासारखी वाकते आणि दिवे एका उंचीवर राहत नाहीत.

खळगे तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीने दाबून करायचे आणि वाटी लगेच काढून घ्यायची. वाटी आत ठेवूनच सुकवलं तर माती आकसते, वाटी आकसत नाही, आणि वीट बरोबर खळग्यापाशी तडकते. म्हणून वाटीभोवती तीनचार मिलिमीटर मोकळी जागा ठेवून खळगा वाढवून घ्यावा. वीट सावलीत पाचसहा दिवस, रोज उलटी-सुलटी करत सुकवायची. उन्हात घाई केली की चिरा. आणि न भाजलेल्या मातीत थेट पाणी-तेल ओतलं तर ती विरघळते, त्यामुळे दिवा वाटीतच लावायचा: खाली पाणी, वर तेल, त्यात तरंगती वात.

तेल कोणतं? मुंबईत खोबरेल चालून जातं. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत ते थिजतं, कारण २४ अंशांच्या खाली खोबरेल घट्ट होतं आणि थिजलेलं तेल वातीत चढत नाही. तिथे तिळाचं घ्यावं. दिवे भरायचे उजवीकडून, पेटवायचे मात्र त्या दिवशीच्या नव्या दिव्यापासून, म्हणजे डावीकडून. आठ रात्रींचे एकूण दिवे किती, हे मुलांनाच मांडू द्या: एक ते आठची बेरीज ३६, अधिक रोजचा एक शामाश, ४४.

५७८७ मध्ये या कामाला खास महत्त्व आहे. पहिला दिवा ४ डिसेंबरला, शुक्रवारी लागतो. शुक्रवारी हनुक्काचा दिवा शाब्बाथच्या दिव्याआधी, सूर्यास्तापूर्वी लावावा लागतो, आणि तो तारे दिसल्यानंतर अर्धा तास तरी जळत राहायला हवा. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे दिवा जवळजवळ दीड तास टिकला पाहिजे. बारीक मेणबत्त्या तोवर केव्हाच विझतात. आदल्या रविवारी, २९ नोव्हेंबरला, प्रत्येक मुलाने सिरिंजने मोजून १० मिलिलिटर तेल घालावं, दिवा लावावा, किती मिनिटं जळला ते लिहावं आणि शुक्रवारसाठी किती तेल लागेल याचं त्रैराशिक मांडावं. वात जाड असेल तर तेल भराभर संपतं, हेही त्यातच कळतं. तेल संपत आलं की वात तडतडते, ती पाण्याला टेकल्यामुळे. घाबरण्यासारखं काही नाही, पण लहान मुलांना हातभर लांब बसवावं आणि सुती कपडेच घालायला सांगावं.

अक्षरओळखीसाठी मातीच्या वळ्या. दालेथ आणि रेश यांत मुलं वर्षानुवर्षं गोंधळतात, कारण कागदावर फरक एका कोपऱ्याचा. मातीत दालेथ दोन वळ्यांचा करायला लावा, आडवी आणि उभी जोडून, म्हणजे वरच्या उजव्या बाजूला टोक बाहेर राहतं. रेश एकाच वळीला वाकवून. हाताला एकदा हा फरक कळला की डोळ्याला कळतो. बेथ आणि काफ यांचंही असंच: बेथला खालच्या उजव्या कोपऱ्यात शेपूट, काफ गोल. कागदातून अक्षरं कापून स्टेन्सिल करायचे असतील तर सामेख आणि शेवटचा मेम जपून करावेत. ती बंद अक्षरं आहेत, कापली की मधला तुकडा गळून पडतो. त्याला दोन बारीक पूल ठेवावे लागतात.

मेझुझाची, म्हणजे दाराच्या चौकटीला लावतात त्या लिखित गुंडाळीची, नळी बांबूची उत्तम होते. वाळलेला बांबू घ्यावा, हिरवा घरी नेल्यावर चिरतो. एका टोकाला गाठ राहील असा १२ सेंटिमीटरचा तुकडा, आतली पोकळी दोन सेंटिमीटर. मुळात आधी गुंडाळी मोजा, मग नळी करा. वर्गात उलट होतं: नळी सुरेख होते आणि खरा क्लाफ, म्हणजे लिहिलेलं कातडं, आत जात नाही, मग तो दुमडला जातो. दुमडल्याने अक्षरांना चीर गेली तर मेझुझा बाद. क्लाफवरच्या २२ ओळी सोफेरनेच, म्हणजे धर्मलेखकानेच, लिहिलेल्या हव्यात. मुलांनी लिहिलेला कागद हा अभ्यास, मेझुझा नव्हे, हे स्पष्ट सांगावं. त्या कागदावर देवाचं चार अक्षरी नाव पूर्ण लिहू देऊ नये, त्या जागी एकटं 'हे' हे हिब्रू अक्षर लिहावं. तरी कुणी लिहिलंच तर तो कागद कचऱ्यात जाता कामा नये. याकरता वर्गात गनिझाची, म्हणजे देवाचं नाव असलेले कागद जपून ठेवायची, पेटी हवीच. दारावर जागा काढणं हा सोपा हिशेब आहे: दार २१० सेंटिमीटर उंच असेल तर वरचा तिसरा हिस्सा १४० सेंटिमीटरवर सुरू होतो, तिथे, आत शिरताना उजव्या हाताला.

शोफार, म्हणजे रोश हशानाला (हिब्रू नववर्षाला) फुंकतात ते शिंग, कागदाचा करू नये, तो वाजत नाही. बागेच्या पाइपाचा ६० सेंटिमीटरचा तुकडा आणि टोकाला नरसाळं घेतलं तर ओठ थरथरवून खरा आवाज निघतो, आणि फुंकणं नव्हे तर ओठांची थरथर हे कळतं. नाद शिकवायला २७ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या: तेकिया अखंड, शेवारीम नऊ-नऊचे तीन तुकडे, तेरुआ तीन-तीनचे नऊ. ५७८७चा पहिला दिवस शाब्बाथ असल्यामुळे शोफार फक्त रविवारी, १३ सप्टेंबरला वाजेल. पुरिमच्या खुळखुळ्यासाठी पत्र्याचा डबा आणि वीसेक चिंचोके पुरेत. मगिलात, म्हणजे पुरिमला वाचतात त्या एस्तेरच्या पोथीत, खलनायक हामानचं नाव ५४ वेळा येतं आणि प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा, म्हणून खुळखुळा हाताने दाबताच गप्प झाला पाहिजे.

मलिदा, म्हणजे आपलं गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट, मुलांकडून करवून घ्यावा. पंधरा मुलांना अर्धा किलो पोहे, एक नारळ, दीडशे ग्रॅम साखर, वेलची, जायफळ. पोहे भिजत ठेवू नयेत, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्यावेत, नाहीतर लगदा होतो. ताटात फळं मांडताना मात्र बराखानुसार, म्हणजे खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वादानुसार, लावायला सांगा. सफरचंद, खजूर, संत्रं झाडाच्या फळांत. केळं कुठे? बहुतेक मुलं झाडाकडे ठेवतात. केळीचा खांब घड दिल्यावर मरतो, त्यामुळे त्यावर जमिनीच्या उपजेचा बराखा म्हणतात. अननसही तिकडेच. एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं म्हणत ताट लावणारं मूल हे सहज शिकतं.

आणखी एक छोटं काम: रायगडचा मोठा नकाशा, टाचण्या आणि सुती दोरा. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, नागावकर, दिवेकर, चेऊलकर. प्रत्येक मूल आपल्या गावावर टाचणी लावेल आणि तिथून आज जातं त्या सिनेगॉगपर्यंत दोरा ओढेल. आपले पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असं मानतात त्या नवगावला एक टाचणी सगळ्यांची मिळून.

आता आपल्याकडे मागणं. प्रत्येक सिनेगॉगने मुलांच्या कामासाठी कुलपाचं एक कपाट आणि एक गनिझाची पेटी द्यावी. स्वयंपाकघर वर्षातून तीन रविवार मोकळं ठेवावं. तयार पेट्यांवर होणारा खर्च माती, तेल, तवे यांच्याकडे वळवावा. आणि मत्सा, मलिदा, किद्दुशसाठी (शाब्बाथ-सणांच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी) काळ्या मनुकांचा शरबत करणाऱ्या घरच्या ज्येष्ठ बायकांना शिक्षक म्हणून वर्गात बोलवावं, पाहुण्या म्हणून नव्हे.

वेळापत्रकाची एक अडचण आत्ताच लक्षात घ्यावी. ५७८७च्या तिश्रीत सण संपेपर्यंत एकही रविवार मोकळा नाही: १३ सप्टेंबर रोश हशानाचा दुसरा दिवस, २० सप्टेंबरला संध्याकाळी किप्पूर (उपासाचा दिवस) लागतो, २७ सप्टेंबर सुक्कोथचा दुसरा दिवस, ४ ऑक्टोबर सिम्हाथ तोरा. म्हणून कालचक्र २३ ऑगस्टला, सुक्काचा खोका ३० ऑगस्टला, शोफार आणि खोक्याची फेरमोजणी ६ सप्टेंबरला घ्यावी लागेल. झावळ्या आदल्या दिवशी आणून चालणार नाही, कारण तो शनिवार. शुक्रवारी दुपारपर्यंत आणून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. या तीन रविवारांसाठी जागा आणि दोन मोठी माणसं देता येतील का, ते प्रत्येक समितीने जुलैअखेर कळवावं.

आपले,
धार्मिक वर्गांसाठी साहित्य तयार करणारे शिक्षक